बेवारसांचे वारस

बुद्धिबळाच्या पटाची ती जुनी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या वयातच ऐकलेली असते. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घराला दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत यावे, एवढेच बक्षीस मागणारा तो विनयशील माणूस, आणि हसत हसत ते कबूल करून मग राज्यातली सारी कोठारे अपुरी पडताना पाहणारा तो राजा. त्या दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ भरते. तिच्यात आणखी एक मिळवला, की ‘नो मॅन्स स्काय’ या अवकाशभ्रमंतीच्या गेममधल्या ग्रहांची संख्या हाती येते. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या छोट्याशा कंपनीने २०१६ साली हे विश्व लोकांपुढे ठेवले, तेव्हा त्यातला एकेक ग्रह कोणी बसून घडवलेला नव्हता, तसे करणे शक्यही नव्हते. एक बीजसंख्या आणि काही सूत्रे. प्रवासी जवळ आला की त्यांतून डोंगर, समुद्र, वनस्पती, प्राणी उमलतात, तो दूर गेला की मिटतात, आणि तो पुन्हा परतला तर तेच डोंगर त्याच जागी उभे राहतात. राजाला धान्य पुरले नाही. इथे ग्रह पुरून उरतात, अपुरे पडते ते पाहणाऱ्याचे आयुष्य.

अशा विश्वात नावीन्याला तोटा नसतो. ज्या ग्रहावर आपण उतरतो तिथे आपल्याआधी कोणी आलेले नसण्याचीच शक्यता जास्त, आणि मग शोधक म्हणून आपले नाव नोंदले जाते, ग्रहाचे नावही आपल्याला ठेवता येते. पहिल्या उत्साहात मी त्यांना कोकणातल्या गावांची नावे देत सुटलो होतो. जांभळ्या गवताचे एक गुहागर झाले, आम्लाच्या पावसात भिजणारे एक आंजर्ले झाले, आणि जिथे चिटपाखरू नाही अशा एका तप्त गोळ्याला मी हर्णै म्हणालो. पण जिथे प्रत्येक पाऊल पहिलेच असते, तिथे पहिलेपणाचे नाणे लवकर झिजते. काही काळाने ध्यानात आले, की नव्या क्षितिजांवरून माझी नजर नुसतीच घसरत जाते आणि अडखळते ती एखाद्या टेकडीआड कलंडून पडलेल्या मोडक्या यानापाशी. गेमच्या रचनाकारांना हे मनुष्यस्वभावाचे मर्म आधीच उमगलेले असावे, कारण त्यांनी प्रत्येकाचा प्रवास सुरूच केला आहे तो एका नादुरुस्त यानापासून. या अफाट विश्वातला आपला पहिला उद्योग शोधाचा नसतो, डागडुजीचा असतो.

पुढे हा उद्योग वाढत जातो. अवकाशस्थानकाच्या कोपऱ्यात एक भंगारवाला असतो. माणूस आकाशगंगा ओलांडून गेला तरी भंगारवाला त्याच्याआधी तिथे पोचलेला असणार, याची मला तरी खात्री आहे. आणि हा गृहस्थ भाव पाडून देत नाही, गरज ओळखून पुढच्या खेपेला वाढवतोच. त्याच्याकडून संकटसंदेश टिपणारे एक यंत्र विकत घ्यायचे, यानात बसून ते चालू करायचे आणि ते दाखवील त्या दिशेला निघायचे. मग काळोखातून एक प्रचंड मालवाहू जहाज आकार घेऊ लागते: तिरके, विझलेले, स्वतःच्याच पत्र्यांचे तुकडे भोवती घेऊन तरंगणारे. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती थंडी. अंगावरच्या सूटचे संरक्षण टक्क्याटक्क्याने उतरू लागते. बॅटरीच्या उजेडाचा गोल भिंतीवरून सरकतो. पिंपे आणि खोकी अधांतरी लटकलेली, खांदा लागला की गिरकी घेऊन बाजूला होणारी. कुठे भिंतीला लगडलेले काहीतरी सजीव, चिकट, फुगलेले. कुठे धनी गेल्यावरही पहारा न सोडलेली स्वयंचलित बंदूक. आणि मध्येच, अजून मिणमिणता, एखादा टर्मिनल, त्यात जहाजावरच्या कोणाची तरी नोंद. पुढची नोंद पुढच्या कुठल्या तरी दालनात असते. मधल्या अंधारातून चालताना ती गोष्ट आपल्याच मनात पुढे सरकत राहते, आणि दुसऱ्या टर्मिनलपाशी पोचेपर्यंत त्या माणसांची आपल्याला काळजी वाटू लागलेली असते. शेवटच्या दालनातल्या यंत्रातून आपल्या जहाजाला उपयोगी पडेल असा एखादा भाग काढून घ्यायचा आणि निघायचे. लूट म्हटली तर ही लूटच. पण परतताना मन लुटारूचे नसते. कोणाच्या तेराव्याला जेवून उठावे तसे ते भरलेले आणि ओशाळलेले असते.

ही बेवारस जहाजे या गेममध्ये आली ती २०२० च्या जुलैत. महासाथीच्या त्या दिवसांत पृथ्वीवरच्या शहरांतही अशीच सुनसान दालने पसरली होती, आणि उतरू देणारे बंदर न मिळाल्याने लाखो खलाशी, त्यांत आपल्या गोव्याचे कितीतरी, आपापल्या जहाजांवर अडकून पडले होते. मात्र निष्प्राण यानात शिरण्याचा अनुभव केवळ कल्पनेतला नाही. माणसाच्या खात्यावर तो आधीच जमा आहे. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा ज्या सॅल्युत-७ या सोव्हिएत अवकाशस्थानकावर राहून आले, तिथे त्यांनी योगासने केली, तिथून त्यांनी भारत पाहिला, ते स्थानक पुढच्याच वर्षी, आत कोणी माणूस नसताना, मुके झाले. जून १९८५ मध्ये व्लादिमीर जानिबेकोव्ह आणि व्हिक्तर साविनिख या दोघांनी आपले यान हातांनी चालवत त्याला जोडले आणि दार उघडून ते आत गेले. वीज नव्हती. पाणी गोठले होते, भिंतींवर हिम साचले होते, तोंडातून वाफ निघत होती. गरम कपडे आणि टोप्या घालून त्यांनी सौरपट्ट्यांच्या तारा थेट बॅटऱ्यांना जोडल्या, पट्ट्यांवर ऊन येईल असे सारे वळवून घेतले आणि वाट पाहिली. हळूहळू दिवे लागले. ओसाड वास्तूत पाऊल टाकणाऱ्यापुढे नेहमीच दोन वाटा असतात, आत आहे ते उचलून न्यावे किंवा आत राहून दिवा लावावा; आणि कोणती वाट आपली, हे उंबरा ओलांडण्याआधी सहसा कोणाला ठाऊक नसते.

ओसाड वास्तूचा विचार मनात आला की मला ‘रघुवंशा’चा सोळावा सर्ग आठवतो. रामाच्या पश्चात अयोध्या उजाड झाली आहे, आणि कुश दूर कुशावतीला राज्य करतो आहे. मध्यरात्री, दिवे मंदावलेले, दारे बंद असताना त्याच्या शयनगृहात एक अनोळखी स्त्री येऊन उभी राहते. ती अयोध्येची अधिदेवता असते. ती आपल्या दुर्दशेचे वर्णन करते: ज्या पायऱ्यांवर अळत्याने रंगलेली पावले पडत, तिथे आता वाघ हरिणाच्या रक्ताने माखलेले पंजे टेकवतात, भिंतींवर चितारलेले हत्ती खरेच समजून सिंहांनी त्यांची गंडस्थळे नखांनी फाडली आहेत. एवढे ऐकवून ती एकच मागणे मागते, की तू परत ये. कालिदासाच्या या प्रसंगाने शोधाची दिशाच उलटी फिरवली आहे. अवशेष धुंडाळत आपण जातो असे आपण समजतो; कवी सांगतो, की भग्न नगरीच रात्री उठून आपल्या वारसाचा माग काढत येते. त्या मालवाहू जहाजातून अखंड सुटत असलेला संकटसंदेश मला त्या देवतेच्या आर्जवाचाच दूरचा नातलग वाटतो. संदेश पाठवणारे केव्हाच संपले. तो पोचला आहे माझ्यापर्यंत, ज्याच्यासाठी तो कधी नव्हताच. आणि तरीही तो ऐकल्यावर, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून पुढे जाणे जड जाते. ओस पडलेल्या नगरीला हळहळणारा प्रेक्षक नको असतो. तिला राहायला येणारा माणूस हवा असतो.

समुद्राच्या कायद्याने हे नाते फार पूर्वीच शब्दांत बांधले आहे. संकटातले जहाज किंवा त्यावरचा माल जो वाचवून आणतो, तो त्याचा मालक होत नाही. त्याला मोबदला मिळतो, तोही काही वाचले तरच. या जुन्या न्यायाची छाया १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये अवकाशातही पडली. चुकीच्या कक्षेत अडकून निकामी ठरलेले दोन उपग्रह ‘डिस्कव्हरी’ यानाच्या अंतराळवीरांनी बाहेर जाऊन हातांनी धरले आणि पृथ्वीवर परत आणले. विम्याची भरपाई झालेला तो माल होता, आणि काम फत्ते झाल्यावर त्या पठ्ठ्यांनी अवकाशात ‘विकणे आहे’ अशी पाटी धरून फोटोही काढून घेतला. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. त्यांतला एक, वेस्टार-६, दुरुस्त होऊन १९९० साली चिनी रॉकेटवरून एशियासॅट-१ या नावाने पुन्हा आकाशात गेला, आणि नव्वदीच्या आरंभी स्टार, झी या वाहिन्या आपल्या घराघरांत उतरल्या त्या त्याच्याच द्वारे. केबलवाल्याने गच्चीवर बसवलेली ती मोठी छत्री ज्या अदृश्य बिंदूकडे तोंड करून उभी असे, तिथे एक वाचवून आणलेले भंगार फिरत होते. आमच्या पिढीच्या संध्याकाळी त्याने बदलून टाकल्या, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. वारसा बहुधा असाच येतो: कोणी मृत्युपत्र वाचून दाखवत नाही, आणि आपण कोणाचे काय वापरतो आहोत हे कळेपर्यंत ते आपल्या अंगवळणी पडलेले असते.

इथे एक शंका मला छळते, आणि माझ्याबरोबर इथवर आलेल्या वाचकालाही ती आली असेल. गेममधल्या जहाजाचा विनाश कधी घडलेलाच नाही. ते बांधले गेले नव्हते, निघाले नव्हते, भरकटले नव्हते. सूत्राने ते मोडलेलेच जन्माला घातले. त्याचा गंज काळाने चढलेला नाही आणि त्याच्या खलाशांना आई नव्हती. याउलट इतिहासाचार्य राजवाड्यांकडे पाहावे. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, धुळीत आणि वाळवीत गेलेली दप्तरे सोडवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी केली. १८९८ साली पहिला खंड निघाला. त्यांच्या हातातल्या प्रत्येक चिठोऱ्यामागे बोरू धरणारा एक खरा हात होता. मग माझ्या त्या टर्मिनलवरच्या नोंदींनी मला वाटलेली हुरहुर खोटी म्हणायची का? अयोध्येच्या भिंतींवरचे हत्तीही चितारलेलेच होते, तरी त्यांची फाटलेली गंडस्थळे आपल्याला लागतात. भावना खऱ्याखोट्याची शहानिशा करून उमटत नाही. फरक आहे तो दुसरीकडे. राजवाड्यांच्या कागदाला स्वतःचा हेका होता. पोटाशी धरलेला एखादा सिद्धान्त एका तारखेने, एका शिक्क्याने उलथून टाकण्याची ताकद त्याच्यात होती. गेममधली नोंद माझ्या कल्पनेला कधीच विरोध करत नाही, मी तिच्याभोवती जे विणीन ते ती मुकाट्याने पांघरते. अस्सल अवशेषाची खूण मला तरी हीच वाटते, की तो आपल्याला खोटे पाडू शकतो. भूतकाळ आपले ऐकत नाही, म्हणूनच तो आपला सोबती होऊ शकतो.

विरोधाचा आणखी एक प्रकार गेममधून अदृश्य असतो, तो म्हणजे वजन. तिथे उचललेला यंत्राचा भाग एका चौकटीत जाऊन बसतो, मनगटाला त्याची जाणीव होत नाही. मुंबईत दारूखान्याला पोलाद असे हलके नसते. तिथे जहाज फुटते ते गॅसच्या ज्वालेने, घामाने आणि कधी कधी कामगाराच्या जिवाच्या मोलाने. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका २०१४ मध्ये तिथेच मोडीत निघाली. तिची कथाच वारशांची आहे. ब्रिटनमध्ये हर्क्युलिस नावाने तिचे जलावतरण १९४५ साली झाले, युद्ध संपलेच होते, बांधणी थांबली आणि अर्धवट सांगाडा पडून राहिला. भारताने तो १९५७ साली घेतला, पुरा करवला आणि १९६१ साली ती विक्रांत झाली. १९७१ च्या युद्धात ती लढली, पुढे निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईच्या पाण्यात संग्रहालय होऊन राहिली. तिच्या पोलादातला काही अंश २०१६ साली बजाजच्या मोटारसायकलींत उतरला. कोणी त्यात नुसती जाहिरात पाहील. मला मात्र एखाद्या सिग्नलवर, पायाशी भाजीची पिशवी ठेवून थांबलेला तो दुचाकीवाला दिसतो, आणि त्याच्या पेट्रोलच्या टाकीत समुद्राचा एक कण वस्तीला आहे हे ठाऊक असल्याने त्याच्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. भंगाराच्या व्यवहारामागचे श्रम गेमच्या जगाला अगदीच अपरिचित आहेत असेही नाही: ‘हार्डस्पेस: शिपब्रेकर’ या गेममध्ये आपण कंपनीसाठी जुनी याने कापणारा कामगार असतो, आणि कामाला हात घालण्याआधीच आपल्या डोक्यावर शंभर कोटींहून अधिक कर्ज चढलेले असते. अवशेषांमागे भटकणारा स्वप्नाळू आणि ते फोडणारा मजूर एकाच पोलादाकडे पाहतात. त्यातले एकटे कोणी पाहिले, की एकतर काव्य खोटे पडते किंवा श्रम निरर्थक.

आणि तरीही ‘नो मॅन्स स्काय’मध्ये एका जातीचे अवशेष खरेच खरे आहेत, ते कुठल्या सूत्राने उगवलेले नाहीत. खेळणारे लोक तिथे ग्रहांवर घरे बांधतात, आणि इतरांना ती दिसू शकतात. कधी भटकता भटकता अशा एखाद्या घरापाशी आपण पोचतो. कोणीतरी खिडकी मुद्दाम समुद्राकडे काढलेली असते. एक जिना छतापर्यंत न जाता मध्येच थांबलेला असतो. बांधणाऱ्याला दुसरे काही सुचले, की साहित्य संपले, की परीक्षा आली, लग्न झाले, बदली झाली, की तो आता या जगातच नाही, हे कळायला मार्ग नसतो. एखाद्या अपडेटने जमिनीचा आकार बदलला की अशी घरे कधी अर्धी मातीत गाडलीही गेली आहेत. त्या प्रचंड, बनावट जहाजांपेक्षा हा अपुरा जिना मला अधिक थांबवतो. तो मला खोटे पाडू शकतो. त्याच्यामागे एक हात होता, आणि त्या हाताच्या मनात काय होते हे माझ्या मर्जीवर अवलंबून नाही. आणि मग कधीतरी चमकून वाटते, की जांभळ्या गवताच्या त्या गुहागरवर माझ्या नावाची नोंद अशीच पडून असेल, आणि ती वाचणाऱ्याला ना गुहागर ठाऊक असेल ना मी.

अनंत विश्व हाती दिले तरी माणूस त्यात आपल्याआधी कोणी येऊन गेल्याची खूण का शोधतो, याचे उत्तर पूर्वी मी एकटेपणाच्या भयात शोधत असे. आता ते मला पुरेसे वाटत नाही. खरोखर पहिल्या आलेल्या माणसावर कोणाचे देणे नसते, आणि म्हणून त्याच्या कामाला मापही नसते. चांगले केले की वाईट, हे ठरवणारे मागे कोणी नाही. मोडके जहाज सापडते तेव्हा कोणाचे तरी अर्धे राहिलेले काम सापडते, आणि त्यासरशी आपले हात कशासाठी आहेत हेही थोडे कळते. माणूस ऋणे घेऊनच जन्मतो, असे आपल्या पूर्वजांनी मानले. त्या यान कापणाऱ्या कामगाराचे कर्ज आणि या ऋणांतले पितृऋण यांत एक मोठा भेद आहे. कंपनीचे कर्ज मागे वळून, ज्याचे घेतले त्यालाच फेडायचे असते. पितरांचे ऋण त्यांना परत करताच येत नाही, ते पुढच्याच्या हवाली करूनच फेडावे लागते. हर्क्युलिसचा सांगाडा ज्यांनी घडवला, त्यांनी विक्रांतसाठी तो घडवला नव्हता. सॅल्युतमध्ये पुन्हा दिवे लावणाऱ्या दोघांनाही, सहा वर्षांनी ते स्थानक वातावरणात जळून कोसळेल म्हणून, आपले श्रम वाया गेले असे म्हणण्याचे कारण नव्हते. कोणाचे तरी अपुरे राहिलेले उचलावे, त्यात आपली भर घालावी आणि तेही अपुरेच सोडून जाण्याची तयारी ठेवावी, एवढाच करार वारसाला करावा लागतो. त्या बदल्यात त्याला मिळते ते पहिलेपणाहून कितीतरी मोठे असते, कारण त्यामुळे तो एका ओळीत उभा राहतो, जिचे आरंभ आणि अखेर दोन्ही त्याच्या नजरेपलीकडे आहेत.